शेंदराची बोटं

१

प्रेताला अंघोळ घालताना मारुतरावांच्या ते लक्षात आलं.

अंगणात फळीवर म्हाळूला निजवलं होतं. छाती बसलेली, त्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घातलेले टाके. चेहरा मात्र तसाच होता, शांत आणि थोडा चिडका. बहिणीचा नवरा म्हणून मारुतराव त्याला दाजी म्हणायचे. दौंडला रेल्वे पोलिसात हवालदारकी करून निवृत्त झालेल्या मारुतरावांनी रुळांवरची प्रेतं पुष्कळ उचलली होती. घरातलं प्रेत धुवायची वेळ मात्र पहिलीच.

उजव्या अंगठ्यावर लाल डाग होता. मारुतरावांनी तांब्यातून पाणी ओतलं, बोटानं चोळलं. डाग निघेना. साबण लावला, तरी कातडीच्या रेघांमधून लाली हटेना, उलट पाणी त्यावरून घरंगळून जाई.

त्यांनी अंगठा नाकाशी नेला. तेलाचा वास आला.

"दवाखान्यात रक्त म्हणून सोडून दिलं," ते पुटपुटले. "रक्त न्हाई हे. शेंदूर हाय."

तेवढ्यात वाडीवस्तीवरची माणसं बाजूला झाली. पोलिसांची गाडी आली होती. अग्नी द्यायला पोरगा लागतो, म्हणून फौजदार माया साळवे म्हाळूच्या मुलाला, विक्रमला, दोन शिपायांमध्ये धरून घेऊन आल्या होत्या. बापाला मारल्याचा संशय त्याच्यावरच होता.

दोघं बापलेक दारूच्या कारखान्यात कामाला. तिथं जवापासून व्हिस्की काढायचे आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवत ठेवायचे. त्या पिंपांची राखण म्हाळूकडं, आणि पिंपं उचलायची फोर्कलिफ्ट विक्रमकडं. काल संध्याकाळी बापलेकांची गोदामाच्या दारात कडाक्याची भांडणं झाली. ती साऱ्या पाळीनं ऐकली. मग घटकाभरानं दुसऱ्या थरावरचं टोकाचं पिंप खाली आलं आणि म्हाळू त्याखाली सापडला. शेजारी फोर्कलिफ्ट उभी होती. पोलिसांना आणखी काय पाहिजे?

चितेला फेरा घालताना विक्रमच्या खांद्यावरचं मडकं हलत होतं. मामाजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "मामा, आबा मला चोर समजून गेले."

"कशाचा चोर?"

"म्हणले, भंगाराच्या नावाखाली चांगली पिंपं बाहेर चाललीत, आन् गाडी तू भरतोस. मला राग आला. नको ते बोललो मी. तेच शेवटचं."

तो पुढं गेला. मडकं फुटलं.

पोराला परत गाडीत बसवताना माया साळवे मारुतरावांपाशी थांबल्या. दौंडच्या एका जुन्या केसपासून दोघांची ओळख होती. "मामा, उद्या दुपारी त्याला कोर्टात उभं करायचंय. तोपर्यंत तुम्हाला काही दिसलं तर सांगा. मी ऐकून घेईन. पण नुसतं 'माझा भाचा असा नाही' हे नको."

"नुसतं न्हाई सांगणार, बाई," मारुतराव म्हणाले. "मला एकदा ते गोदाम बघू द्या."

२

गोदाम थंड आणि अंधारं होतं. लाकूड, दारू आणि ओल यांचा एकत्र वास. आडव्या पिंपांचे तीन-तीन थर, प्रत्येकाच्या गोल तोंडावर पांढऱ्या रंगात नंबर आणि भरल्याचं साल.

मालक सत्यजीतराव स्वतः बरोबर आले. चाळिशीचा माणूस, पांढरा शर्ट, डोळे सुजलेले. "हवालदार, म्हाळूआबा माझ्या वडिलांच्या वेळचा, कारखान्याच्याही आधीचा माणूस. माझा पहिला मोठा माल यंदा निघणार होता. सात वर्षं मुरलेला. आता हे."

मारुतराव पिंपांची तोंडं बघत चालले होते. नंबराखाली शेंदराच्या बोटांची एक ओळ होती. एकाला लागून एक, उभी. जुनी काळवंडलेली, नवी केशरी.

"हे काय?"

"दसऱ्याचं. आबा दर दसऱ्याला प्रत्येक पिंपाला तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट लावायचे. म्हणायचे, हत्याराची पूजा होते, मग मुरणाऱ्याची का नको? बाहेरचे पाहुणे आले की फोटो काढतात." सत्यजीतराव हसायला गेले, पण हसू आलं नाही.

पडलेलं पिंप तसंच होतं. फळ्या उघडलेल्या, आतली दारू सांडून वाळून गेलेली. तोंडावर सात वर्षांपूर्वीचं साल आणि खाली शेंदराच्या सात बोटांची ओळ. त्या ओळीतलं एक बोट कुणीतरी पुसायला बघितलं होतं. शेवटचं नाही. तिसरं.

मारुतराव उकिडवे बसले. दाजीचा अंगठा त्यांना दिसला. मरायच्या आधी म्हाळू इथं उभा राहून हे एकच बोट पुसत होता.

"खाली आलं कसं?"

"पाचर सटकली म्हणतात. किंवा..." मालकांनी फोर्कलिफ्टकडं बघितलं आणि बोलायचं टाळलं.

फोर्कलिफ्टच्या पात्यांवर लाकडाचा ओरखडा नव्हता. टोकाच्या पिंपाला अडवून धरणारी लाकडी पाचर पिंपाखालीही नव्हती आणि आसपासही नव्हती. ती सापडली भिंतीतल्या कोनाड्यात. तिथं दुसऱ्या पाचरी ओळीनं ठेवलेल्या होत्या, आणि हीही त्यांच्यात नीट बसवलेली होती. फक्त हिच्यावर दारूचा डाग वाळलेला होता.

सटकलेली पाचर उठून कोनाड्यात जाऊन बसत नाही. ती कुणीतरी काढली होती. आणि पिंप कोसळल्यावर, माणूस खाली चिरडलेला असताना, त्या हातानं ती सवयीनं जागेवर ठेवली होती.

मारुतराव उठले तेव्हा त्यांच्या पायाशी काहीतरी हललं. दारू जिथं सांडली होती तिथं, फरशीच्या सांध्यातून, काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

३

मोनाली कारखान्याची केमिस्ट. कारखाना निघाला तेव्हापासून तीच. प्रयोगशाळेत ती एकटी बसली होती, डोळ्यांत पाणी नव्हतं, पण हातातली काचेची नळी ती उगाच पुसत होती.

"पोरी, एक सांग. पिंपातली दारू गोड असती का?"

"नाही काका. जवाला मोड आणतो, त्यातली साखर आंबते, तिचीच दारू होते. मग उकळून वाफ धरतो. वाफेबरोबर साखर वर येत नाही. चव गोडसर लागली तरी साखर नसते."

"मग मुंग्या का लागल्यात?"

ती उठली. काही न बोलता गोदामात गेली, फरशीवरचा चिकटा बोटावर घेतला, जिभेला लावला. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"जळक्या गुळाची चव आहे," ती म्हणाली. "रंगासाठी कुणीतरी गूळ जाळून घातलाय. आत आमची माल्ट, ती मोड आलेल्या जवाची दारू, नव्हतीच. उसाच्या मळीचं स्पिरिट असणार."

"त्यानं काय बिघडतं? मळीची बी दारूच की."

"बिघडतं काका. व्हिस्कीची जात लेबलावर लिहायला नियम आहेत. नुसत्या जवाच्या मोडांची, एकाच कारखान्यात काढलेली आणि लाकडात मुरलेली, तिला सिंगल माल्ट म्हणायचं. दोन कारखान्यांच्या माल्ट एकत्र केल्या की ब्लेंडेड माल्ट. दुसऱ्या धान्याची असली की ग्रेन. मळीच्या स्पिरिटात थोडी माल्ट घातली तर आपल्याकडं व्हिस्की म्हणून विकता येते, पण माल्ट म्हणून नाही. बाटली तीच, रंग तोच. पण लेबल खोटं लिहिलं तर आख्खा कारखाना बंद."

"आन् सात वर्षं?"

"वय सगळ्यात कोवळ्या थेंबाचं धरतात. शंभर पिंपं सात वर्षांची असली आणि एकच पिंप महिन्याचं मिसळलं, तर सगळ्या मालाचं वय महिना."

"दुधाच्या हंड्यात मिठाचा खडा."

"तसंच." ती थांबली. "काका, गेल्या आठवड्यात मी त्या रांगेतली काही पिंपं मोठ्या टाकीत रिकामी करायला सही दिली. नमुना बघून दिली होती. पण नमुन्याच्या बाटल्या माझ्याकडं गोदामातून येतात. मी स्वतः पिंपातून काढत नाही."

"भंगाराचं कोण बघतं?"

"पिंप गळतंय हे मी लिहून देते, मालक विक्रीला मंजुरी देतात, आणि संपत मोजून बाहेर काढतो. तो गोदामाचा सुपरवायझर." तिनं मान वर केली. "म्हणजे आम्ही तिघं. असंच ना?"

 तिघांपैकी कुणीही असू शकत होतं, आणि तिच्या तोंडून ते ऐकणं मारुतरावांना बरं वाटलं नाही.

४

संध्याकाळी घरी विठाबाई ओसरीवर बसली होती. चूल पेटलेली नव्हती. शेजारणी भाकरी-पिठलं देऊन गेल्या होत्या, ते तसंच झाकलेलं होतं.

"दादा, माझा विक्रम सुटंल का रं?"

"बघतो."

"दोन दिसांत दोन माणसं गेली माझी, एक चितेवर आन् एक कोठडीत." ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "सासूबाई गेल्या तवाबी असंच झालं. पहिल्या कोरोनात, ऐन नवरात्रात. चार माणसं मिळंनात खांद्याला. सुतकात ह्यांनी कारखान्याच्या फाटकाच्या आत पाय ठिवला न्हाई. रोज म्हणायचे, पिंपं कोरी ऱ्हायली गं माझी."

"मग दुसऱ्या कुणी लावला न्हाई शेंदूर?"

"मालक म्हणले, मी लावतो. हे म्हणले, नको. वरीस कोरं गेलं तर गेलं, पिंपालाबी सुतक असतंय."

 तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. संपत आला होता. तिशीचा, उंच, चेहऱ्यावर दोन दिवसांची दाढी. तिरडीला पहिला खांदा त्यानंच दिला होता. विक्रमच्या ताटात जेवणारा माणूस.

"काकू, विक्रमला डबा पोचवून आलो. दोन घास खाल्ले त्यानं." मग मारुतरावांच्या पायाला हात लावून तो खाली बसला. "मामा, तुम्ही गोदाम बघितलं म्हणं. काय वाटतं?"

"तुलाच जास्त म्हाईत. तू किती वर्षांचा इथला?"

"पहिलं पिंप भरलं तवापासनं. मधी फक्त कोरोनात पगार थकला, तवा रांजणगावला कंपनीच्या बसनं जात होतो. वर्षभर पंख्याचे पार्ट तपासले. सगळं सुरळीत झाल्यावर आबांनीच मालकाला सांगून परत घेतलं मला. म्हणले, गोदामाला तुझा हात पाहिजे." त्याचा आवाज भरून आला. "आता कुणाला हात पाहिजे?"

"रडू नको रं," विठाबाई म्हणाली. "तूच असा मोडलास तर कसं?"

तो उठून गेला. कोपऱ्यात त्यानं सकाळी आणून ठेवलेली गुळाची ढेप होती. दहाव्याच्या स्वयंपाकाला लागंल म्हणून. केडगावच्या बाजूला त्याच्या सासरवाडीचं गुऱ्हाळ होतं, तिथली.

मारुतराव पाणी प्यायला आत गेले आणि दारातच थांबले. ढेपेच्या फडक्यावरून मुंग्यांची काळी रांग चढत होती.

५

सकाळी गोदामात पाचच माणसं होती. सत्यजीतराव, मोनाली, संपत, माया साळवे आणि मारुतराव. मधे एक रिकामं पिंप आडवं ठेवलेलं, त्याच्यावर वाटीत कालवलेला शेंदूर.

"बाई, मला तिघांकडनं एकच काम करून घ्यायचंय," मारुतराव म्हणाले. "एकेकाला आत बोलवायचं. दुसऱ्यानं बघायचं न्हाई. हे पिंप सात वर्षांपूर्वी उन्हाळ्यात भरलं असं समजा. आज त्याच्यावर दसऱ्याची बोटं किती असायला पाहिजेत, तेवढी लावायची."

"मामा, इथं माणूस मेलाय आणि तुम्ही पूजा मांडलीय?" माया साळवे म्हणाल्या. पण त्यांनी दार लावून घेतलं.

सत्यजीतराव आले. वाटीत बोट बुडवलं, थोडा विचार केला, सहा ओढली. "एक वर्ष झालं नव्हतं," ते म्हणाले. "आबांची आई गेली तेव्हा. मी लावतो म्हणालो, त्यांनी लावू दिलं नाही."

मारुतरावांनी फडक्यानं पिंप पुसलं.

मोनाली आली. "मी शेंदूर नाही लावत, काका. पण सांगते, सहा. कोरोनाच्या दसऱ्याला मी आणि मालक इथं सॅनिटायझर बनवत होतो. गोदामात कुणी आलंच नाही."

मग संपत आला. त्यानं वाटी हातात घेतली आणि सराईतपणे, एकाला लागून एक, ओढत गेला. सात.

त्यानं मागं वळून बघितलं.  माया साळवेंचं लक्ष बोटांकडं होतं, मग ते सावकाश संपतकडं गेलं.

"काय चुकलं का?" तो म्हणाला.

"पडलेल्या पिंपावरबी सातच होती," मारुतराव म्हणाले. "साल वाचून दसरे मोजलेस तू, संपत. आबांचा हात मोजला न्हाईस. त्या नवरात्रात तू रांजणगावच्या बसमधे होतास. इथली पिंपं कोरी ऱ्हायली हे तुला कुणी सांगितलंच न्हाई. हे तिघांतल्या दोघांना म्हाईत होतं, आन् तुला न्हाई."

"मामा, शेंदूर कुणीबी लावंल. त्यावरनं माणूस खुनी होतो व्हय?"

"न्हाई होत. ऐक. तू चांगली पिंपं गळकी म्हणून भंगाराच्या गाडीत घातलीस. मोनालीला नमुना दुसऱ्याच पिंपाचा पोचवलास. त्यांच्या जागी नवी पिंपं, मळीचं स्पिरिट आन् जळका गूळ. वर पांढऱ्या रंगात जुनं साल. मालक नंबर बघणार, पोरगी बाटली बघणार. शेंदूर बघणारं ह्या गोदामात एकच माणूस. त्याच्यासाठी तू काजळी लावून बोटं काढलीस. आन् त्याच माणसाच्या आईचं सुतक तुला म्हाईत नव्हतं."

 संपतनं नकळत वाटी पिंपावरून उचलली आणि भिंतीतल्या कोनाड्यात, पाचरींच्या ओळीत, नीट ठेवून दिली.

माया साळवेंनी ते बघितलं. मारुतरावांनीही.

"पाचर अशीच ठेवलीस ना?" ते म्हणाले. "हाताला सवय लागली की ती माणूस मेला तरी सुटत न्हाई."

माया साळवेंचा फोन वाजला. मारुतरावांच्या सांगण्यावरून त्यांनी पहाटेच दोन शिपाई केडगावला धाडले होते. तेच बोलत होते. गुऱ्हाळाच्या मागं, उसाच्या चिपाडांच्या ढिगाखाली, पिंपं सापडली होती. त्यांच्यावरची बोटं सहा.

संपत खाली बसला. तो फरशीवरच्या मुंग्यांकडं बघत होता.

"आबांनी मला त्या पिंपाशी बोलावलं," तो शेवटी म्हणाला. "तिसऱ्या बोटावर अंगठा घासत होते. म्हणले, हे कुणी लावलं? मी पाया पडलो. म्हणलं, आबा, महिनाभरात सगळं परत आणून ठेवतो, मालकाला सांगू नका. ते म्हणले, माझ्या पाया पडू नको, माझ्या आईच्या पड. तिच्या सुतकात हात घातलास तू. मग पाठ फिरवली त्यांनी. मालकाकडं निघाले. पाचर काढायची पहार माझ्या हातात होती."

"आन् पोराच्या डब्यात भाकरी घालताना?" मारुतरावांनी विचारलं. "तवा हात कसा चालला?"



६

विक्रमला दुपारी सोडलं. कोर्टाच्या आवारातून बाहेर आल्यावर तो मोटरसायकलवर बसला नाही. रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत उभा राहिला.

"मामा, संपतनं केलं हे ऐकून मला राग यायला पाहिजे. येत न्हाई. मला एकच दिसतंय. आबा मला चोर म्हणून गेले."

मारुतरावांनी त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठा धरला.

"तुझा बाप भांडून गोदामात गेला, तवा त्याला तुझाच संशय होता. खरं हाय ते. पण तो तसाच मेला न्हाई. आत गेल्यावर त्यानं बोटं मोजली. सात निघाली. तिसरं बोट तुझ्या आजीच्या सुतकातलं. त्या नवरात्रात तू कुठं होतास?"

"घरात. आजीच्या मातीला चार माणसं मिळंनात, म्हणून मी दोनदा खांदा दिला."

"मग तू लावशील ते बोट? तुझ्या बापाला ते कळलं म्हणून तर अंगठ्यानं पुसत बसला तो. तू न्हाईस हे कळल्यावर त्यानं तुला बोलावलं न्हाई, संपतला बोलावलं. मी अंघोळ घालताना तो शेंदूर मला धुऊन काढता आला न्हाई. तुझ्यासाठी ठिवला होता त्यानं."

 विक्रम आपल्या अंगठ्याकडं बघत राहिला. मग कडेच्या दगडावर बसला आणि बापाच्या चितेपाशी जे रडला नव्हता ते रडला. येणारी-जाणारी माणसं बघून पुढं जात होती.

कारखाना बंद झाला नाही, पण वाचलाही नाही. बनावट पिंपं मोठ्या टाकीत मिसळून गेली होती. सात वर्षं मुरलेली माल्ट आणि महिन्याचं मळीचं स्पिरिट आता कुणाला वेगळं करता येणार नव्हतं. मोनालीनं मालकांसमोर सांगितलं, यावर माल्ट लिहिता येणार नाही, आणि वयही नाही. सत्यजीतरावांनी छापून आणलेली सोनेरी लेबलं कारखान्याच्या मागं जाळली. माल साधी व्हिस्की म्हणून, स्वस्तात, गेला.

दसऱ्याला सत्यजीतराव स्वतः शेंदराची वाटी घेऊन म्हाळूच्या घरी आले. ओसरीवर विठाबाई होती, मारुतराव दौंडहून आले होते.

"विक्रम, हा मान आता तुझा. चल."

विक्रम दारातच उभा राहिला. घरात माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत, हे मालकांनाही माहीत होतं. तरी ते आले होते.

"न्हाई, मालक," तो म्हणाला. "ह्या वर्षी कोरी ऱ्हाऊ द्या. पुढच्या माणसानं मोजली तर त्याला कळायला पाहिजे, हितं दोन दसरे झाले न्हाईत."

सत्यजीतरावांनी वाटी खाली ठेवली. विठाबाईनं ती उचलून देवळीत ठेवली आणि वर झाकण घातलं.